विश्लेषण : वेल्डिंगच्या धुराने कंपवातासारखा आजार? मँगनीजची विषबाधा नोंदीतून निसटते कशी?

कारखान्यातून येणाऱ्या आजारांची चर्चा आपल्याकडे फुप्फुसापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, सूतगिरणीतला बिसिनोसिस ही नावे निदान कामगार चळवळीला तरी ठाऊक आहेत. पण श्वासावाटे आत गेलेली प्रत्येक धूळ छातीतच थांबते असे नाही. शिसे, पारा आणि मँगनीज हे तीन धातू रक्तावाटे मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतात. शिसे आणि पारा निदान बदनाम तरी आहेत. मँगनीजच्या वाट्याला तेही आले नाही. वास्तविक महाराष्ट्राचा या धातूशी संबंध शंभर वर्षांहून जुना आहे आणि वेल्डिंगच्या निमित्ताने तो आज जवळजवळ प्रत्येक गावात पोहोचला आहे.

शरीराला लागणारा धातू विषारी कसा ठरतो?

मँगनीज शरीराला हवेच असते. धान्य, डाळी, पालेभाज्या, चहा यांतून ते रोज पोटात जाते आणि त्याने कुणाला काही होत नाही. कारण अन्नातील मँगनीजचा अगदी थोडा अंश आतड्यातून रक्तात शिरतो आणि जादा झालेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासावाटे शिरलेल्या मँगनीजला ही चाळणी लागत नाही. वेल्डिंगच्या धुरातील कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथून थेट रक्तात आणि यकृताची पहिली फेरी चुकवून मेंदूत. नाकातील गंधाच्या मज्जातंतूमार्गे ते थेट मेंदूकडे सरकतात, असेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

यात एक गोष्ट भारतासाठी विशेष महत्त्वाची आहे. शरीरात लोह आणि मँगनीज वाहून नेणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे. लोह कमी पडले की ही यंत्रणा जोर धरते आणि लोहाऐवजी मँगनीज जास्त उचलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आहेत. म्हणजे परदेशातील धडधाकट कामगारावर बेतलेली सुरक्षित पातळी इथल्या कामगाराला तेवढीच सुरक्षित असेल, हे गृहीतच कच्चे आहे. यकृत बिघडलेल्या माणसातही मँगनीज साचते. दारूने यकृत कमजोर झालेला वेल्डर हा दुहेरी धोक्यातला माणूस असतो, आणि त्याच्याच लक्षणांचे खापर दारूवर फोडले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

हा आजार पहिल्यांदा कधी दिसला?

१८३७ मध्ये. कापड शुभ्र करण्याच्या भुकटीसाठी क्लोरीन लागत असे आणि क्लोरीन काढण्यासाठी मँगनीज डायऑक्साइड. ग्लासगोच्या एका रसायन कारखान्यात हे खनिज दळणाऱ्या मजुरांचे पाय लटपटू लागले, आवाज पुटपुटल्यासारखा झाला, चेहरा निर्विकार झाला. कूपर या डॉक्टरने त्याची नोंद केली. जेम्स पार्किन्सनने कंपवातावरचा निबंध लिहिला त्याला तेव्हा जेमतेम २० वर्षे झाली होती. पुढे बराच काळ या नोंदीकडे फारसे कुणी पाहिले नाही. विसाव्या शतकात मोरोक्को आणि चिलीच्या खाणींतून तसेच रुग्ण मोठ्या संख्येने पुढे आले. चिलीत खाणकामगारांनी स्वतःच या आजाराला ‘मँगनीजचे वेड’ असे नाव दिले होते. आजाराची सुरुवात तिथे हातापायांपासून होत नसे. कारण नसताना हसू किंवा रडू फुटणे, चिडचिड, झोप उडणे, विचित्र वागणे हे आधी येई. चालण्यातला बिघाड नंतर.

घरच्यांना आणि मुकादमाला पहिल्या टप्प्यात आजार दिसतच नाही, स्वभाव बदललेला दिसतो. ‘हल्ली फार तापट झालाय’, ‘कामात लक्ष नाही’, ‘सकाळीच टाकून येतो’. अडखळती चाल, जड जीभ, संथ हालचाल ही लक्षणे नशेशी इतकी जुळतात की, अशा कामगाराच्या हाती डॉक्टरची चिठ्ठी पडण्याआधी कामावरून कमी केल्याची सूचना पडते.

कंपवात आणि यात फरक काय?

नेहमीच्या कंपवातात मेंदूतील ‘सब्सटान्शिया नायग्रा’ या भागातील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरतात. मँगनीज प्रामुख्याने ‘ग्लोबस पॅलिडस’ या शेजारच्या भागात साचते. म्हणजे डोपामाइन बनवणारा कारखाना बऱ्याच अंशी शाबूत, बिघाड पुढच्या जोडणीत. त्यामुळे कंपवातावरचे हुकमी औषध लेवोडोपा इथे फारसे लागू पडत नाही, किंवा सुरुवातीला थोडा गुण येऊन नंतर ओसरतो. हात स्थिर असताना थरथरणे हे कंपवाताचे ठळक लक्षण इथे अनेकदा नसतेच. त्याऐवजी मागे तोल जातो, उलटे चालता येत नाही, टाचा उचलून चवड्यांवर चालण्याची एक खास लकब येते. पाश्चात्त्य वैद्यकाने तिला कोंबड्याच्या चालीची उपमा दिली आहे.

एमआरआयच्या विशिष्ट प्रकारच्या चित्रात साचलेले मँगनीज पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकते. पण संपर्क तुटल्यावर काही महिन्यांत ते दिसेनासे होते आणि नुकसान मात्र तसेच राहते. रक्तातील पातळी तर त्याहून लवकर उतरते. ज्या कामगाराने त्रास होऊ लागल्यामुळे काम सोडले, वर्षभर गावी झाडपाला करून पाहिला आणि मग नागपूर-पुण्याच्या रुग्णालयात पोहोचला, त्याच्या तपासण्या ‘नॉर्मल’ येऊ शकतात. पुरावा पुसला जातो, आजार उरतो. तैवानमधील एका फेरोमँगनीज कारखान्यात १९८० च्या दशकात धूर खेचणारी यंत्रणा बिघडली आणि वेळेवर दुरुस्त झाली नाही. तेथील सहा कामगारांना हा आजार जडला. काम थांबल्यानंतरही पुढे अनेक वर्षे त्यांची चाल बिघडतच गेली. एक पंखा दुरुस्त न करण्याची ती किंमत होती.

महाराष्ट्रात धोका कुणाला?

देशातील मँगनीज खनिजाच्या उत्पादनात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र आघाडीवर आहेत. ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. तिची मुळे १८९६ च्या ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातात. भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगाव, सीमेपलीकडे बालाघाट, तिरोडी, उकवा हा सगळा एकच पट्टा. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी जाते, म्हणजे ग्लासगोत दळले जाणारे तेच रसायन. चंद्रपुरात या खनिजापासून फेरोमँगनीज आणि सिलिकोमँगनीज बनवणारा ‘सेल’चा कारखाना आहे. भट्टीतून निघणारा धूर खाणीतल्या धुळीपेक्षा अधिक घातक, कारण कण अतिसूक्ष्म. संघटित क्षेत्रातील या ठिकाणी निदान तपासणी, निरीक्षक, युनियन असे काही तरी असते.

खरी चिंता त्याबाहेरची आहे. साध्या पोलादातही मँगनीज असते आणि वेल्डिंगच्या रॉडमध्ये ते मुद्दाम घातलेले असते, कारण त्याशिवाय जोड चिवट होत नाही. खडी क्रशरचे जबडे, रेल्वेचे क्रॉसिंग अशा झिजणाऱ्या भागांचे पोलाद तर १२ टक्क्यांच्या आसपास मँगनीजचे असते आणि ते भरून काढायचे रॉडही तसेच. भोसरी, वाळूज, शिरोलीच्या छोट्या शेडपासून तालुक्याच्या नाक्यावर ग्रिल-गेट बनवणाऱ्या दुकानापर्यंत हे काम चालते. टाकीच्या आत, जहाजाच्या पोटात, पाइपात शिरून वेल्डिंग करणाऱ्याला तर हवा बदलायची सोयच नसते. पत्रा मुलाम्याचा असेल तर जस्ताच्या धुराने संध्याकाळी ताप भरतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. हे प्रत्येक वेल्डरला माहीत असते. जस्त असे त्याच रात्री हिशेब चुकता करते, मँगनीज १० वर्षे थांबते.

डोळ्यांसमोर काच धरायची हे वेल्डर शिकतो, कारण न धरल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. तोंडाला मात्र रुमाल. रुमालाने एक मायक्रॉनचा कण अडत नाही. धुळीच्या कामावर गूळ वाटायची जुनी रीत आहे. तिच्यामागची आपुलकी खरी असेल, पण गुळाने फुप्फुसातील धातू बाहेर पडत नाही. मालकाला मात्र तो पंख्यापेक्षा खूपच स्वस्त पडतो.

वेल्डरबाबतचा पुरावा किती भक्कम?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की, वाद आहे. वेल्डरना खरा पार्किन्सन अधिक प्रमाणात होतो का, यावर अनेक मोठ्या पाहण्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. अमेरिकेत रॉड बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध हजारो दावे झाले आणि बहुतेक खटल्यांत कंपन्या सुटल्या. पण प्रश्नच तसा विचारला की उत्तर कंपन्यांच्या सोयीचे येणारच. वेल्डरला पार्किन्सन ‘हाच’ आजार होतो का, यापेक्षा त्याची चाल, बोलणे, हातांचा वेग बिघडतो का, हा त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न. त्याचे उत्तर वेगळे आहे. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २०१७ मध्ये अमेरिकेतील ८८६ वेल्डिंग कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोद्या आणि फॅब्रिकेशनच्या कारखान्यातील या कामगारांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये सुरुवातीलाच कंपवातसदृश लक्षणे होती आणि मँगनीजचा एकूण संपर्क जितका जास्त, तितकी ती पुढे वेगाने वाढत गेली. या कामगारांच्या हवेतील मँगनीजचे अंदाजे सरासरी प्रमाण होते घनमीटरला ०.१४ मिलिग्रॅम.

आपली मर्यादा किती?

आपल्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मँगनीजच्या धुरासाठी आठ तासांची मर्यादा होती घनमीटरला एक मिलिग्रॅम. धुळीसाठी कमाल पाच. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या ‘एसीजीआयएच’ या संस्थेने २०१३ मध्ये खोल श्वसनमार्गापर्यंत जाणाऱ्या कणांसाठी ०.०२ आणि एकूण श्वसनयोग्य कणांसाठी ०.१ मिलिग्रॅम अशी शिफारस केली. मोजण्याची पद्धत निराळी असल्याने थेट ५० पट म्हणणे बरोबर होणार नाही. तरीही वरच्या अभ्यासातील कामगार आपल्या मर्यादेच्या सातव्या हिश्शात काम करत होते आणि आजारी पडत होते, एवढे पुरेसे बोलके आहे. अमेरिकेचा सरकारी नियमही अद्याप पाच मिलिग्रॅमवरच अडला आहे. त्यामुळे ‘तिकडे सगळे आलबेल’ असा निष्कर्ष कुणी काढू नये.

महत्त्वाचे हे की, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा ठरवण्याचे काम राज्य सरकारच्या नियमांवर सोपवले आहे. जुना तक्ता उचलून नव्या नियमांत डकवणे सर्वात सोपे, आणि तसे झाले तर आणखी एक पिढी जुन्याच आकड्यावर काम करील.

कायद्यात आजार आहे, मग नोंद का होत नाही?

कागदावर मँगनीजची विषबाधा अनोळखी नाही. खाण कायद्याखाली १९५२ मध्येच ती कळवण्यायोग्य आजार म्हणून अधिसूचित झाली, तीही ‘मज्जासंस्थेचा प्रकार’ असा स्पष्ट उल्लेख करून. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ती होती, नव्या संहितेतही आहे. असा रुग्ण तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने तो मुख्य निरीक्षकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास जुन्या कायद्यात एक हजार रुपयांपर्यंत दंड होता, आता दहा हजारांपर्यंत.

पण कळवण्याआधी ओळखावे लागते. १७०० साली बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सुचवले की, रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांसोबत त्याचा धंदाही विचारावा. तीन शतकांनंतर आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर वय, लिंग, पत्ता असतो. व्यवसायाची ओळ असली तरी तिथे ‘मजूर’ किंवा ‘खासगी नोकरी’ एवढेच असते. पन्नाशीच्या वेल्डरला कंपवाताचे औषध मिळते. ते लागू पडत नाही, तेव्हा मात्रा वाढते. कोणते रॉड वापरत होतास, किती वर्षे, शेडमध्ये की टाकीत, असे विचारायला दोन मिनिटे लागतात आणि ती दोन मिनिटे गर्दीच्या ओपीडीत कुणाकडेच नसतात.

कारखान्यातली वार्षिक तपासणी तरी काय पाहते? छातीचा एक्स-रे, रक्तदाब, दृष्टी, कान, श्वासाची क्षमता. मज्जासंस्थेची तपासणी बहुधा त्यात नसते. शिवाय मूळ १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारी, १० कामगारांची जागा कारखाना ठरत होती. नव्या संहितेत ती संख्या २० आहे. घातक कामांसाठी सरकार एका कामगाराच्या आस्थापनेलाही संहिता लावू शकते. तशी तरतूद आहे, पण त्यासाठी आधी वेल्डिंगला घातक म्हणावे लागेल.

भरपाईचे दार उघडे आहे का?

१९२३ पासूनच्या भरपाई कायद्यात मँगनीज, शिसे, पारा यांची विषबाधा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होती आणि ही रचना सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. अट अशी की, त्या कामात किमान सहा महिने सलग नोकरी हवी, तीही त्याच मालकाकडे. दुसऱ्या मालकाकडे केलेले तसलेच काम त्यात धरले जात नाही. कायमस्वरूपी नोकरीच्या काळात ही अट योग्य वाटली असेल. आजचा वेल्डर चार महिने एका ठेकेदाराकडे, मग दुसऱ्याकडे, पुन्हा तिसऱ्या साइटवर असतो. त्याच्या मेंदूत २० वर्षांचे मँगनीज साचते आणि कायद्याच्या लेखी त्याने कुठेच सहा महिने काढलेले नसतात.

सिद्धतेचे ओझे किती जड असते हे तमिळनाडूतील कोडाईकनालने दाखवले आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरचा तेथील थर्मामीटर कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यावरून उठलेल्या आंदोलनानंतर २००१ मध्ये बंद झाला. माजी कामगारांशी तडजोड झाली २०१६ मध्ये, ५९१ जणांशी. मानवतेच्या भूमिकेतून मदत देत असल्याचे कंपनीने सांगितले, कामामुळे आजार झाल्याचे मात्र कधी मान्य केले नाही. तिथे जागतिक ब्रँड होता, पर्यावरण संघटना होत्या, यूट्यूबवर गाजलेले रॅपगाणे होते. तरी १५ वर्षे लागली. नाक्यावरच्या वर्कशॉपमधील कामगारामागे यातले काहीच नाही.

तातडीने काय शक्य आहे?

बरे करणारे औषध नसलेल्या आजारात सगळी मदार अटकावावर असते, आणि इथे तो महागडाही नाही. धूर जिथे निघतो तिथेच खेचणारी नळी, ठिणगीच्या धुराच्या झोताबाहेर डोके ठेवण्याची सवय, बंद टाकीत बाहेरून हवा सोडल्याशिवाय काम नाही, रुमालाऐवजी चेहऱ्याला नीट बसणारा गाळणीचा मास्क. खाणीत पाणी सोडून भोके पाडणे. आयटीआयच्या वेल्डर अभ्यासक्रमात डोळ्यांइतकेच महत्त्व नाकाला दिले तरी फरक पडेल. रक्तक्षय तपासून लोहाच्या गोळ्या देणे हाही इथे मज्जासंस्थेच्या संरक्षणाचाच भाग ठरतो.

वार्षिक तपासणीत भर घालायला एमआरआय लागत नाही. कामगाराला दहा पावले उलटे चालायला लावणे, अंगठा आणि तर्जनी भरभर जुळवायला सांगणे, दरवर्षी एका कागदावर सही आणि दोन ओळी लिहून घेऊन मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहणे एवढे पुरे. अक्षर आखडत चालले असेल तर ते कागदावर दिसते. यासाठी परिचारिका प्रशिक्षित करता येतात. अशा संशयितांना पुढे पाठवायला केंद्र मात्र हवे. खाणकामगारांच्या आरोग्यासाठी असलेली राष्ट्रीय संस्था नागपुरात होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन करण्यात आली. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या कामगाराला नागपूर गाठायला काही तास लागतात. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस व्यवसायजन्य मज्जाविकारांची ओपीडी सुरू करणे आणि तेथील नोंद थेट निरीक्षकाकडे जाईल अशी व्यवस्था लावणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.